मोजा, निळा, पलंग

मार्लिस कुबिचेकचा उजवा खांदा कामातून गेला, तेव्हा आता हिच्या नोकरीचं काय होणार ही काळजी आमच्या अख्ख्या शुश्रूषागृहाला पडली होती, एक मार्लिस सोडून. ती म्हणाली, "डावा आहे की." डॉक्टरांनी मात्र स्पष्ट बजावलं, यापुढे माणसं उचलायची नाहीत. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहातल्या नर्सने माणसं उचलायची नाहीत, म्हणजे मी शेगडीला हात लावायचा नाही असं सांगण्यासारखंच. मी इथली स्वयंपाकीण, लोना. मार्लिसला शाळेपासून ओळखते. तिला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा, दुसऱ्या कुणी ठेवली तर त्याची कॉफी गार होऊनच टेबलावर येते.

मॅनेजरने मार्ग काढला. ऑफिसशेजारची छोटी खोली रिकामी होती, तिथली बाई नोकरी सोडून गेली होती. त्या खोलीतलं काम म्हणजे माणसं मोजायची. इथे राहणारा प्रत्येक जण ठराविक काळाने तपासला जातो. स्वतः चालतो का, जेवतो का, कपडे घालतो का, डोकं किती शाबूत आहे. ती मापं राज्याच्या कचेरीत जातात, आणि ह्या माणसाला इथे ठेवायची गरज आहे की नाही हे ती कचेरी ठरवते. ज्याच्यापाशी स्वतःचे पैसे उरलेले नाहीत त्याचा खर्च राज्य उचलतं, आणि त्याचा इथला पलंग त्या मापांवरच टिकून असतो. पदाचं नाव होतं दीर्घकालीन शुश्रूषा मूल्यांकन समन्वयक. ते दारावरच्या पाटीत मावेना. आम्ही तिला मोजणीबाई म्हणायला लागलो.

आधी प्रशिक्षण होतं. ओमाहाहून ग्वेन नावाची बाई यायची, मार्लिसपेक्षा बरीच लहान, केस नीट कापलेले, आवाज कधी चढायचा नाही. वाईट नव्हती. माझे कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, मागून घेऊन खायची, म्हणजे माणूस बरंच असणार. शिकवणी जेवणघरातच चालायची, त्यामुळे बटाटे सोलता सोलता सगळं माझ्या कानावर पडायचं. ग्वेन रुग्ण व्हायची, मार्लिस तिला प्रश्न विचारायची.

"मार्लिस, तुम्ही मान हलवताय."

"मी कुठे हलवली?"

"आत्ता. मी उत्तर द्यायच्या आधीच."

"अहो, तुम्ही अडखळलात म्हणून."

"मी मुद्दामच अडखळले," ग्वेन म्हणाली. "आयुष्यभर रुग्णाच्या उशाशी काढलेल्या नर्सेसना ही एकच खोड सोडता येत नाही. तुम्ही मदत करता. इथे मदत करायची नाही. लिहिलंय तसंच वाचायचं, आणि चेहरा कोरा."

"कोरा चेहरा तिच्याकडे शाळेतल्या गणिताच्या तासापासून आहे," मी आतून ओरडले. मार्लिसने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सगळ्यात अवघड होती आठवणीची परीक्षा. तीन शब्द म्हणायचे: मोजा, निळा, पलंग. समोरच्याने ते परत म्हणायचे. मग त्याला वर्ष विचारायचं, महिना विचारायचा, वार विचारायचा, आणि पुन्हा त्या तीन शब्दांवर यायचं. नाहीच आठवलं, तर एकच खूण द्यायची: घालायची वस्तू, एक रंग, घरातलं सामान. शब्द बदलायचे नाहीत. देशात कुठल्याही शुश्रूषागृहात जा, हेच तीन.

सरावाला माणूस हवा होता. एकदा मार्लिसने माझ्यावर करून पाहिला. मी उत्तर दिलं, "मोजा, निळा, कांदे करपले," आणि उठून गेले. मग तिने एल्डन रेडिगरला धरलं.

एल्डनने सबंध हयात शाळेची बस चालवली. मार्लिस त्याच्याच बसमधून शाळेत गेली, मीही गेले. थंडीत फाट्यावर उतरवलं की तो गाडी हलवायचा नाही. पोराने घरापर्यंत चालत जायचं, दार उघडायचं, मग एल्डन गिअर टाकायचा. मागे ट्रॅक्टर अडले, लोकांनी भोंगे वाजवले, तरी त्याला काही नाही. आता शरीर अजून धडधाकट होतं, घास स्वतःच्या हाताने खायचा, बुटाच्या नाड्या स्वतः बांधायचा. गेलं होतं ते डोकं. नाश्ता करून उठला की नाश्त्याला यायचा. बायको कुठे गेली, इर्मा कुठे गेली म्हणून मला विचारायचा, आणि इर्माला जाऊन वर्षं लोटली होती. आमच्याकडे आला तो एका हिवाळ्यात. घर गरम ठेवणारी भट्टी विझली होती, आणि ती पेटवायची असते हेच हा विसरला होता. कोट घालून गारठून बसलेला पोस्टमनला सापडला.

त्या शरद ऋतूत रोज दुपारी, मी भांडी आवरत असताना, ती दोघं खिडकीपाशी बसायची. सुरुवातीला तो म्हणायचा, "मोजा, आणि इर्मा." कधी "मोजा, आणि ते तुझं." उत्तर दिलं की पुढे झुकून विचारायचा, "बरोबर ना, पोरी?" आणि मार्लिसने हो म्हणायचं नसायचं, नाही म्हणायचं नसायचं, मानही हलवायची नसायची. ती कागदाकडे बघत बसायची. मला ते बघवायचं नाही.

"अगं, एक मान हलवलीस तर सरकार कोसळेल का?" मी तिला म्हटलं.

"सवय मोडायचीय, लोना. ती मोडली नाही तर मी नापास. मग मला घरी बसवतील."

"त्याला वाटतं, तू रुसलीयस."

"माहितेय मला," ती म्हणाली, आणि परत जाऊन तेच तीन शब्द वाचायला लागली.

एका दुपारी मी त्याच्यासमोर कॉफी ठेवली, तर त्याने मान वर करून न विचारताच सांगितलं, "मोजा, निळा, पलंग." मी हसले. आत जाऊन सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले. म्हाताऱ्याने पाढा पाठ केला म्हणून कौतुकच वाटलं. त्यात काही घात असेल हे तेव्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मार्लिस पास झाली. मी केक केला, त्यावर तिच्या पदाचं नाव घालायचा प्रयत्न केला आणि 'दीर्घकालीन'पाशी क्रीम संपलं. त्याच आठवड्यात एल्डनची पाळी आली, खरी, सरावाची नाही. ग्वेन शेवटची पाहणी म्हणून शेजारी बसली होती.

मार्लिस म्हणाली, "मी तुम्हाला तीन शब्द सांगणार आहे, ते लक्षात ठेवा."

"मोजा, निळा, पलंग," एल्डन म्हणाला. तिने अजून काही सांगितलंही नव्हतं.

पुढे सगळं तसंच झालं. वर्ष बरोबर, महिना बरोबर, वार चुकला, पण वाराला फारसे गुण नसतात. शेवटी तीन शब्द पुन्हा विचारले, आणि खूण न देता त्याने तिन्ही सांगितले, पोरं कविता म्हणतात तसे, ताठ बसून. "बरोबर ना, पोरी?"

मार्लिसने पेन खाली ठेवलं. "ग्वेन, हे त्याला पाठ झालंय. माझ्या सरावामुळे. त्याला सकाळचं काहीही आठवत नाही."

"पाठ होणं म्हणजे आठवणंच ना?"

"नाही. तुम्हालाही माहितेय, नाही."

"मला जे माहीत आहे ते लिहायला जागा नाही, मार्लिस. त्याने काय उत्तर दिलं, तेवढंच लिहायचं."

"मग नर्सेसना विचारा. लोनाला विचारा. हा दिवसातून किती वेळा नाश्ता मागतो ते विचारा."

"ही प्रश्नोत्तरांची मुलाखत पुरी झाली की फॉर्ममधला कर्मचाऱ्यांना विचारायचा भाग उघडतच नाही," ग्वेन म्हणाली. तिचंही तोंड उतरलं होतं. "मुलाखत अर्धवट राहिली असती तर उघडला असता."

मी पोळपाटावरचं पीठ तसंच सोडून दारात उभी राहिले होते. मी असते तर एक शब्द चुकीचा लिहून मोकळी झाले असते. मला त्यात काही पाप वाटत नाही, तेव्हाही वाटलं नसतं. पण मार्लिसने जन्मात कुणाचा ताप एका रेषेनेही खोटा लिहिला नव्हता. तिने खरं तेच लिहिलं.

शरीर धड, डोकं शाबूत. राज्याच्या कचेरीने म्हटलं, ह्या माणसाला इथे राहायची गरज नाही. मार्लिसने फोन केले, डॉक्टरांकडून लिहून आणलं, पुन्हा विचार करा म्हणून अर्ज केला. प्रत्येक वेळी तिकडून एकच उत्तर, गुण तुम्हीच दिलेले आहेत. ओरेगॉनमध्ये एल्डनची एक भाची होती. ती फोनवर म्हणाली, "अरे वा, काका सुधारले म्हणायचे." तिला काय सांगणार?

मार्लिसनेच त्याला घरी पोचवलं. मी मागच्या सीटवर, मांडीवर चिलीचं, राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, पातेलं. त्याने फाटकापासून दारापर्यंत पावलं टाकली, किल्ली चुकवली, पुन्हा लावली. मार्लिस गाडीतच बसून बघत होती. दार उघडलं, तो आत गेला, तरी तिने गाडी सुरू केली नाही.

"चल आता," मी म्हटलं.

"थांब जरा," ती म्हणाली. किती वेळ थांबलो कोण जाणे.

गावाने केलं तेवढं केलं. मी डबे पाठवले. चर्चमधल्या बायका आळीपाळीने भट्टी बघून यायच्या. पण दिवसभर कुणाला थांबता येतं? बर्फ पडलं तेव्हा तो हायवेच्या फाट्यावर सापडला, जुन्या बसथांब्याशी, पायजम्यात, एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा. पोरं यायची आहेत, म्हणत होता. त्याला शेजारच्या गावातल्या इस्पितळात नेलं. पायाची बोटं वाचली. मार्लिसला वाटलं, चला, आता तरी डोळे उघडतील. तिने त्याच्या जुन्या खोलीत चादरसुद्धा घातली.

पण तिथेही घरी सोडण्याआधी डोकं तपासतात, आणि तपासणारी नर्स मार्लिससारखीच शिकून आलेली असते. त्या मुलीने हौसेने फोन केला. "काळजीचं कारण नाही बरं का, मी शब्द पुरते म्हणायच्या आत त्यांनी सांगून टाकले. ह्या वयाला काय तल्लख आहेत."

मार्लिसने तिचे आभार मानले. फोन ठेवला, आणि चादर काढून घडी केली. "लोना," ती म्हणाली, "तो कुठेही गेला तरी पास होणार. सगळीकडे तेच तीन शब्द आहेत."

तेव्हापासून ती ड्यूटी संपली की त्याच्याकडे जाते. मला वाटलं, स्वयंपाक, धुणं करायला जात असेल. काल मी चिली आणि दालचिनीचे रोल घेऊन तिच्याबरोबर गेले, तेव्हा कळलं ती काय करते ते. एल्डन स्वयंपाकघरात टेबलाशी कोट घालून बसला होता. ती त्याच्यासमोर बसली.

"टोपी," मार्लिस म्हणाली. "लाल. खुर्ची. म्हणा, एल्डन."

"टोपी, लाल, खुर्ची."

"पुन्हा."

"टोपी, लाल, खुर्ची." तो शहाण्या पोरासारखा म्हणत होता. मी ओट्याशी पाठमोरी उभी होते. नवे शब्द घालून जुने बाहेर ढकलायचे, म्हणजे तो एकदाचा नापास होईल, एवढाच तिचा बेत होता. जिने कुणाचा ताप खोटा लिहिला नाही, ती आता एका म्हाताऱ्याला नापास व्हायला शिकवत होती. मला रडू आलं, आणि मी चिली ढवळत राहिले.

तिने त्याला थोडी चिली खायला दिली, हवापाण्याचं विचारलं, बर्फाचं विचारलं. मग म्हणाली, "आता सांगा. कुठले तीन शब्द होते?"

तो बघत राहिला. "डोक्यावर घालायची वस्तू," तिने खूण दिली. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, हात टेबलावर काहीतरी शोधायला लागला. मग चेहरा एकदम उजळला.

"मोजा, निळा, पलंग. बरोबर ना, पोरी?"

मार्लिस कोऱ्या चेहऱ्याने बसली होती. ग्वेनला अभिमान वाटला असता. मग तिने मान हलवली. सबंध शरदात आणि ह्या हिवाळ्यात तिने त्याच्यासमोर पहिल्यांदाच मान हलवली. म्हणाली, "हो, एल्डन. बरोबर."

त्याने सुटकेचा श्वास टाकला, कोटाची बटणं लावली आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात उठून उभा राहिला.

"झालं मग," तो म्हणाला. "सगळी पोरं सोडून झाली. आता मला घरी सोड."