सातवा फॉर्मा

रंगनाथ खैरनारला नाशिकचे लेखक घाबरायचे आणि तो कुणालाच घाबरायचा नाही, याचं मला सुरुवातीला फार कौतुक होतं. आमच्या दैनिकाची रविवार पुरवणी मी काढायचे. तिच्यात नव्या पुस्तकांच्या परीक्षणाचं सदर होतं, ते ब्याण्णव सालापासून रंगनाथ लिहायचा. मूळचा सटाण्याचा, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, क्वालिटीला. दिवसभर गेज लावून सुटे भाग तपासायचे, केसभर फरक दिसला की बाजूला टाकायचे. पुस्तकांनाही तो तसाच गेज लावायचा.

रहस्यकथा असो, कादंबरी असो, की कुणाचं आत्मचरित्र, सगळ्यांना एकच न्याय. एका ऐतिहासिक कादंबरीबद्दल त्याने लिहिलं, "यातले घोडे माणसांपेक्षा बरं बोलले असते." एका निवृत्त साहेबांच्या आत्मचरित्राबद्दल लिहिलं, "लेखकाने आयुष्यात एकही चूक केलेली नाही, हे पुस्तक सोडून." साहेबांचा फोन अर्थातच मी घेतला. लिहिणार हा, शिव्या खाणार मी! प्रकाशन समारंभाला जायचा नाही, शाल-श्रीफळ घ्यायचा नाही, लेखकाच्या घरचा चहासुद्धा नको. वर मला ऐकवायचा, "मी पान न् पान वाचतो, मॅडम. बाकीचे मलपृष्ठ वाचून लिहितात." खरंच वाचायचा. पण हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

दोन हजार तीन साली कुसाबाई मौले यांचं आत्मकथन आलं. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा, शाळा चौथीपर्यंत, वय साठीच्या पुढे. शेवंतीचे वाफे, पहाटेचा फुलबाजार, दिराशी विहिरीच्या पाण्यावरून भांडणं, सगळं रोखठोक. रंगनाथ चक्क विरघळला. थोरली लेक सरू तापाने गेली, तिथे बाईंनी एवढंच लिहिलं होतं: "त्या दिवाळीत सरू गेली." प्रकरण संपलं, आणि पुढचं थेट झेंडूच्या भावापासून सुरू. "इतका संयम भल्याभल्यांना जमलेला नाही," असं त्याने लिहिलं. मीही हौसेने मथळा दिला, 'एका वाक्यातलं दुःख'. पुस्तक भराभर खपलं.

मग एका सोमवारी कुसाबाई स्वतःच ऑफिसात आल्या. रंगनाथ लेख द्यायला आलेला होता.

"ते खैरनार तुम्हीच का?"

"हो. बसा ना, मावशी."

"बसते मंग. मी माझ्या सरूवर लय लिहिलंय. तुम्ही म्हणता एकच वाक्य. असं कसं?"

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. मी कपाटातून रंगनाथने परीक्षणासाठी वाचलेली प्रत काढली. त्यांच्या पुस्तकात शहाण्णव पानानंतर सत्त्याण्णव होतं. त्याच्या प्रतीत शहाण्णवनंतर एकदम एकशे तेरा. सोळा पानांचा एक अख्खा फॉर्मा बांधणीत लागलाच नव्हता. आकडे पानांच्या खाली स्वच्छ छापलेले होते. केसभर फरक पकडणाऱ्या आमच्या रंगनाथचा चेहरा खर्रकन उतरला.

मी प्रकाशकाला फोन लावला. त्या गृहस्थाला लाज नाही, शरम नाही. म्हणतो, "अहो ताई, बांधणीत थोड्या प्रती खराब निघतातच. त्या आम्ही परीक्षणाला पाठवतो. दुकानात ठेवल्या तर गिऱ्हाईक परत आणतं. परीक्षणवाले कुठे शेवटपर्यंत वाचतात?"

पण कुसाबाईंचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. दुसरी आवृत्ती निघणार होती आणि प्रकाशक ती सोळा पानं काढायला निघाला होता. खैरनार सरांनी एका वाक्याची एवढी वाखाणणी केलीय, तर उरलेलं हवं कशाला, असं त्याचं म्हणणं.

"त्या पानांसाठी तर मी लिहायला बसले," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "बाकीचं आपलं आजूबाजूचं हाय. तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकंल तो."

रंगनाथ तिथेच ती सोळा पानं वाचायला बसला. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. वाचून झाल्यावर त्याने पुस्तक मिटलं, आणि तो चेहरा मला पाठ होता. मी डोळ्यांनी खुणावलं, बाबा रे, आज चांगलं आहे म्हण.

"मावशी, मला खोटं बोलवत नाही. ही पानं चांगली उतरलेली नाहीत."

मेल्या! मी कपाळाला हात लावला.

"तेच तेच चारदा आलंय. डॉक्टर, औषध, परत डॉक्टर. मध्येच देवाला शिव्या, मध्येच दिराला."

"तसंच झालं होतं," कुसाबाई म्हणाल्या. "चांगलं लिहायचं तर आवरून लिहावं लागतं. मला नाय ते आवरायचं."

रंगनाथने मिटलेलं पुस्तक परत उघडलं.

पुढच्या रविवारी त्याने सगळं कबूल करून छापलं: माझ्या प्रतीत एक फॉर्मा नव्हता, पान न् पान वाचण्याची फुशारकी मारणाऱ्या माझ्या ते लक्षात आलं नाही, आणि मी ज्याला संयम म्हणालो ती बाइंडरची चूक होती. शेवटी लिहिलं, "ही सोळा पानं पुस्तकातली सगळ्यात कच्ची पानं आहेत. ती काढली तर पुस्तक सुबक होईल आणि सरू त्यातून जाईल. ती काढू नयेत." त्या दिवशी दुखावलेल्या लेखकांनी फोन करकरून मला हैराण केलं. ते आत्मचरित्रवाले साहेब तर हसता हसता खोकत होते. प्रकाशकाने कुरकुर केली, पण पानं ठेवली.

आठवड्याने, रंगनाथ लेख द्यायला आलेला असताना, कुसाबाई शेवंतीचा मोठा पुडा घेऊन आल्या. मी म्हटलं, "मावशी, रागावू नका त्याच्यावर. त्याला गोड बोलताच येत नाही."

"रागावू कशाला? घरात कुणी वाचली नाय ती पानं. पोरं म्हणती, आई, तेवढी सोडून वाचतो. छापणाऱ्याला नको. या बाबाने पार शेवटपर्यंत वाचून नावं ठेवली. माझ्या सरूचं एवढं तरी कुणी केलं?"

हा लेखकांकडून काही घेत नाही, हे मी त्यांना सांगायला तोंड उघडलं. तोवर रंगनाथने पुडा उचलून आपल्या पिशवीत ठेवला होता.