मुकादम सरांनी न वाचलेली पानं

मुकादम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाच्या पोर्टलशी भांडत बसले होते. प्रबंधाची फाइल पाचव्यांदा परत आली होती, आकार मोठा म्हणून. फोनवर चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "बेटी, सर गेले..." आणि समोर पडद्यावर तेव्हाही लिहिलेलं होतं, मार्गदर्शकांची संमती बाकी.

ती बाकी राहिली सरांमुळेच, हे मी आज दोन महिने उलटल्यावरही चिडूनच लिहिते आहे. माझा प्रबंध मुरुडच्या आमच्या सुकी मासळी करणाऱ्या बायकांवर. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते मी कुणालाही मान वर करून सांगते. बाकीच्यांचे मार्गदर्शक फाइल उघडतात, बटण दाबतात, फोनवर आलेला ओटीपी घालतात, काम संपलं. आमच्या सरांना कागद हवा. स्क्रीनवर चुका दडून बसतात, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. म्हणून प्रत्येक प्रकरण छापायचं, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला सरांच्या घरी न्यायचं, आणि त्यांची लाल पेन्सिल फिरेपर्यंत चाचींच्या चहावर चहा प्यायचे. एकदा भर उन्हात पोहोचले तर सर एका वाक्यावर पेन्सिल टेकवून म्हणाले, "हे तुला पुस्तकाने सांगितलं की आईने? आईने ना, मग तिचं नाव घाल." एका तळटीपेसाठी तीन फेऱ्या झाल्या. आई खूश, मी घामाघूम.

सर गेले तेव्हा मुदत संपायला आठ दिवस होते. टळली तर नोंदणी रद्द. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, मार्गदर्शक बदलायचा तर आधीच्या मार्गदर्शकांची सही लागेल. ते वारले, मी म्हटलं. मग त्यांची ऑनलाइन संमती चालेल, क्लार्क म्हणाले. थट्टा करत नव्हते. घरी आईने तोड काढली, "सर गेलं, पन त्यांचा फोन तर जिता हाय न? मग?"

शेवटच्या दिवशी दिघीला गेले. चाचींनी सरांचा फोन चार्ज करून ठेवला होता. मी माझ्या फोनवरून संमतीची विनंती पाठवली, सरांचा फोन वाजला, चाचींनी चष्मा लावला. "वाचू आकडे?"

टेबलावर माझा छापलेला प्रबंध होता. उघडला. लाल खुणा एकशे अठ्ठ्याहत्तराव्या पानापर्यंत, आणि तिथे समासात, 'पुढचं शनिवारी.' पुढे चौतीस पानं स्वच्छ... प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हतं. राग आला, सरांचाच. पण त्यांनी न वाचलेल्या पानांवर त्यांचा होकार मी कसा घालणार? "राहू दे, चाची," म्हटलं. दहा मिनिटांत ते आकडे बाद झाले.

नोंदणी गेली, पदवी वर्षभर लांबली. नोंदणी रद्द झाल्यावर मात्र मार्गदर्शक बदलायला कुणाचीच सही लागत नाही, एवढं सोपं निघालं. आई अजून ऐकवते, "येवढी शिकलीस नि एक आकडा टाकता न्हाय आला." नव्या मॅडमनी सगळा प्रबंध स्क्रीनवर दोन तासांत वाचला. छान आहे, म्हणाल्या.

परवा शनिवार होता. ती चौतीस पानं घेऊन मीच बसले. दुपारपर्यंत सात पानं झाली. चुका निघाल्या अकरा.