सर्वपित्रीचा पाहुणा

निघायच्या दिवशी आईने घर सारवलं. दुसऱ्या दिवशी मुन्सिपालटीची माणसं येऊन ते पाडणार होती, हे काय तिला ठाऊक नव्हतं? बाहेर खटाऱ्यात भांडी, जाळी, देवांची टोपली सगळं चढलं होतं. गाडीवाला बैलांना आणि आम्हाला सारख्याच शिव्या घालत होता, आणि ही बाई गुडघे टेकून ओटी सारवत बसलेली. मी म्हटलं, "आये, कोणासाठी गं?" तर म्हणाली, "घान घर टाकून गेली म्हनतील." बा खटाऱ्यामागे तोंड फिरवून उभा होता. निरोप द्यायला कोणी आलं नाही. येणार कोण? निम्मी पाखाडी, म्हणजे आमची वस्ती, आमच्याआधी उठून गेली होती आणि उरलेली निम्मी आमच्याशी बोलत नव्हती.

हे मी सांगतेय आणि माझी सून लिहून घेतेय. मला अक्षरओळख नाही. ती शाळेत गेलेली, माझं बोलणं मधेच शुद्ध करते. मी म्हणते, कर बाई शुद्ध, पण गुळगुळीत करू नकोस. आमच्या खारपाखाडीतले कोणी माहीमला गेले, कोणी वरळीला, कोणी परळच्या गिरणीत लागले. त्यांच्यासाठी हे आहे. कोणी वाचून दाखवलं तर बसून ऐका.

ज्यांचा जन्म नंतरचा, त्यांना सांगते. माहीम आणि प्रभादेवीच्या मधे, अगदी किनाऱ्याला आमची वस्ती होती. जमीन सखल. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध होता आणि त्या बांधाला एक उघाडी होती, म्हणजे लाकडी फळीचं दार. ओहोटीला फळी उचलायची, आतलं पाणी समुद्रात सोडायचं. भरती आली की फळी खाली. बापजाद्यांपासून हे चाललं होतं. मग एका शेटने मागच्या अंगाला कापडाला रंग द्यायचा कारखाना काढला आणि त्याचं गटार आमच्या गल्लीतून, आमच्याच उघाडीने समुद्रात सोडलं. एक दिवस तांबडं पाणी, एक दिवस निळं. खाडीतल्या चिंबोऱ्या उलट्या पडलेल्या दिसायच्या. पावसात गटार फुगलं की तेच पाणी चुलीपर्यंत. आम्ही ओरडलो तर कोण ऐकतो?

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला तेव्हा मात्र सगळ्यांना आमची आठवण झाली. मुन्सिपालटीने ठरवलं, ही जागा माणसांनी राहायला नालायक. वस्ती उठवायची, भराव घालायचा आणि तिथे वखारी नि कारखाने करायचे. म्हणजे घाण करणारा राहणार आणि घाण सोसणारा जाणार. वा रे न्याय! आणि तो शब्द बघा, नालायक. जागेला म्हटलं होतं, पण बाजारात आम्हाला लागायला लागला. गिऱ्हाईक बाई मासळीला हात लावायच्या आधी विचारायची, "कुठली गं तू?" पाखाडीचं नाव सांगितलं की हात मागे. त्या दिवसापासून मी माहीमची म्हणून सांगायला लागले. लाज वाटायची, काय करू?

पण गाव गप्प बसलं नाही, हेही लिही. माझा बा पाखाडीचा पाटील. त्याने देवळात सगळ्यांना बसवलं आणि ठरलं, की एक दिवस कोणी मासळी विकायची नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्या बायका रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन मुन्सिपालटीच्या कचेरीपर्यंत चालत गेलो आणि पाट्या दारात पालथ्या घातल्या. शिपाई बावरून गेला बिचारा. गिरगावातल्या एका वकिलाने अर्ज लिहून दिला. आमचं मागणं साधं होतं. गटार दुसरीकडून न्या, बांध पक्का करा, आम्हाला राहू द्या. जागा वाईट नाही, मुन्सिपालटीच्या साहेबाने एकदा डोळ्यांनी बघावी.

साहेब यायला कबूल झाला. बाने हिशेब करून वकिलाकडून दिवस सुचवला, भाद्रपदातली वद्य अष्टमी. अष्टमीला भरतीला जोर नसतो आणि दुपारी तर पाणी पार खाली गेलेलं असतं. पण साहेबाला त्या दिवशी दुसरं काम निघालं, आणि त्याने पुढच्या आठवड्यातला दिवस धरला. तो आला बरोब्बर अमावास्येला. सर्वपित्री अमावास्या. वर्षातली मोठ्यात मोठी भरती आणि ती ऐन दुपारी. आता साहेबाला उधाण काय सांगायचं? पण निरोप आला की तो सकाळीच येऊन जाईल, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आम्ही गल्ली झाडून काढली, भिंतींना चुना दिला, गटारावर फळ्या टाकल्या. साहेब आला, बरोबर त्याचा मराठी कारकून. पाणी तेव्हा लांब होतं. साहेब उघाडीपर्यंत चालत गेला, घरात डोकावला, आईच्या चुलीकडे बघून मान हलवली. मग कारकुनाने सांगितलं, "साहेब म्हणतात, ऐकलं होतं तितकी जागा वाईट नाही. तसं ते लिहितील." खरं सांगते, तेवढ्याने बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. साहेबाने टोपी घातली आणि तो निघाला.

आणि माझा बा त्याला आडवा आला.

त्या दिवशी घराघरांत पितरांचं जेवण. सर्वपित्रीला दारातून कोणी उपाशी गेलं तर वर पितर उपाशी राहतात, हे आमच्याकडे अजून मानतात. बाने ओटीवर खुर्ची मांडली, शहाळं फोडलं, आणि आत आईला म्हणाला, वडे टाक. साहेब नको नको म्हणत होता. कारकूनही घड्याळ काढून दाखवत होता. बा ऐकेना. आई चुलीपुढून उठून दाराआड आली आणि हळूच म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. पानी चढतंय." बा म्हणाला, "पानी रोजचं हाय. पावना रोजचा नाय."

ते शब्द मी जन्मभर ऐकतेय.

उघाडीची फळी कधीच खाली सोडली होती, त्यामुळे समुद्र बाहेरच राहिला. बाचा बांधावर भरवसा होता आणि बांधाने दगा दिला नाही. पण दुपारची घंटा झाली आणि कारखान्याने आपली टाकी सोडली. त्या पाण्याला जायला वाट कुठे होती? फळी उचलावी तर समुद्र आत, न उचलावी तर गटार घरात. गटारावरच्या फळ्या आधी हलल्या, मग तरंगल्या. तांबडंलाल पाणी गल्ली भरून ओटीला लागलं, ओटीवर चढलं, आणि साहेबाच्या बुटांभोवती फिरलं. त्याने पाय वर घेतले. हातात अर्धा खाल्लेला वडा होता. बा समोर वड्यांची परडी धरून उभा, दुसरा वडा वाढायला. साहेब रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने वडा संपवला, ताटली बाच्या हातात दिली, हात जोडले, आणि त्या पाण्यातून चालत गेला. वस्ती उठवायचा हुकूम दिवाळीआधी लागला.

गाव म्हणालं, पाटलाने पाहुणचारात पाखाडी घालवली. पाटलाला भरती ठाऊक नव्हती का? होती की. इतरांना होती त्याहून जास्त होती. म्हणून तर कोणाला माफ करता आलं नाही. कारखान्याचं नाव त्यानंतर कोणी घेतलं नाही, सगळ्यांच्या तोंडी बाचंच. आणि आमच्या जातीत शिव्या देत नाहीत हो, पाणी नाकारतात. आमच्या घरचं पाणी प्यायचं लोकांनी बंद केलं.

आम्ही गिरगावातल्या चाळीत आलो, तिसऱ्या माळ्यावर. नळाचं पाणी, खाली घोड्याची ट्राम, शेजारी सगळे कचेरीत जाणारे. बांगडे तळले की दारं धडाधड लागायची. बा गॅलरीत बसायचा. तिथून समुद्र दिसत नाही, समोरच्या चाळीची वाळत घातलेली धोतरं दिसतात. सगळ्यात वाईट काय झालं सांगू? बाने पाहुणचार करणं सोडलं. कोणी आलं की उभ्याउभ्या बोलायचा आणि म्हणायचा, "बरं, निघा आता." माझ्या सासरची माणसं मला बघायला आली तेव्हाही तेच. आई पदरात तोंड घालून बसली. मला बाची लाज वाटायची. मग बाची लाज वाटते याची लाज वाटायची. तो गेला तेव्हा पाखाडीची माणसं खांदा द्यायला आली, खांदा दिला, आणि खालच्या नळावर पाणी पिऊन गेली. आमच्या माठाला कोणी हात लावला नाही.

आता ट्राम विजेची झाली, माझे केस पांढरे झाले, आणि बाच्याच खोलीत मी लेका-सुनेबरोबर राहते. आमची जागा कुठे होती ते दाखवायला गेले तर वखारीचा रखवालदार हटकतो. घर कुठलं म्हणून विचारलं की मी अजून माहीमच सांगते. सून हे लिहिताना माझ्याकडे बघतेय. बघ गं, बघ. तेही लिही.

गेल्या महिन्यात जानकी आली. पाखाडीत आमच्या शेजारची, माझ्याबरोबर पाटी घेऊन चाललेली. आता माहीमला लेकाकडे असते. गिरगावात कोणाच्या तरी बारशाला आली होती, तर जिने चढून आमच्याकडे आली आणि दारात उभी राहिली. मीही उभी. बाचंच "निघा आता" माझ्या जिभेवर येत होतं. कसंबसं म्हटलं, "बस. पाणी घे." तिने माठाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली बसली, तांब्या घेतला आणि वरून घटाघटा प्यायली. मला रडू आलं, मी चुलीकडे वळले, म्हटलं, वडे टाकते, खाऊन जा.

ती हसली आणि सवयीने विचारून बसली, "टाक. पण भरती किती वाजता गं आज?"

मी बोटांवर मोजायला लागले. तिथीवरून काढतात, बा एका श्वासात काढायचा. मी दोनदा चुकले. म्हटलं, तू सांग. तीही बोटं धरून बसली. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघेनाशा झालो. मी तेल तापत ठेवलं, आणि पाटलाच्या घरात भरती कोणालाच ठाऊक नव्हती.