देव भातात ठेवताना

सासूबाई आमच्याबरोबर येणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. बाकी सगळं ठरलं होतं. देशातले आठवडी बाजार पाहून त्यांच्यावर लिहायचं, यासाठी मला वर्षभराची अभ्यासवृत्ती मिळाली होती. वर्तमानपत्राने रजा मंजूर केली. नवरा मुरबाडच्या बाजूला एका शाळेत शिक्षक होता. त्याने बिनपगारी रजा घेतली. मुलगी तिसरीत होती. पुस्तकं बरोबर न्या, आल्यावर परीक्षा घेऊ, असं तिच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं. एक जुनी जीप घेतली आणि मागे झोपता येईल अशी फळी बसवली. म्हैस नणंदेकडे पोचवली. शेत अर्धेलीने दिलं, म्हणजे कसणाऱ्याने निम्मं भात आम्हाला द्यायचं. पावसाआधी आमची कौलं परतून घ्यायचं चुलतदिरांनी कबूल केलं.

घर माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या अलीकडे होतं. मोबाइल आलेले होते, गावात रेंज नव्हती. दिवाळी झाली होती, भात झोडून कणगीत पडलं होतं.

सासूबाईंना यायचं होतं. तसं त्या बोलल्या नाहीत. पण मुलीला जवळ बसवून नकाशात समुद्र कुठे कुठे लागतो ते त्या विचारत, आणि थंडीत कुठे असू, हेही.

अडचण देवांची होती. भावकीत पाच घरं, आणि पाचांचे मूळ देव आमच्या घरात. चांदीचे लहान टाक, पिढ्यानपिढ्या हाताळून झिजलेले. लग्न ठरलं, नवं भात घरात आलं, की सगळी भावकी आमच्याकडे येई. रोजची पूजा आणि शिजेल त्याचा नैवेद्य हे काम सासूबाईंचं. त्या घरात आल्यापासून ते दुसऱ्या कोणी केल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

थोरले चुलतदीर येऊन ओटीवर बसले.

"बाजार बघाया तुमी जा. आपल्या म्हसा गावची जत्रा पुरली नाय, तर जा. पन काकी कशी येल? देवाला उपाशी ठेवनार का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "मंग तुझ्या घरी ने ना रे. देव तुझे बी हायेत."

दिरांनी टोपी डोक्यावर घातली. "घरात विचारतो," म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. "आत्या, आमच्यात रोज सुका जवला असतो. देवाला काय त्याचा वास द्यायचा?"

"आमच्यात काय देव शेवग्याच्या पाल्यावर ऱ्हायले गो?"

ती हसली, पण देव घेऊन गेली नाही. दुसऱ्या घरातला माणूस वाशिंदच्या कारखान्यात होता. पहाटे निघायचं, पूजेला टाइम नाय, असं त्याने कळवलं. तिसरं घर वाशिंदलाच नव्या इमारतीत राहायला गेलं होतं; एका खोलीत देव्हारा मांडायचा कुठे, हा त्यांचा प्रश्न. चौथ्या घरी सून बाळंतपणाला टेकलेली होती, म्हणजे सोयर येणार. कारणं सगळी खरी होती. सासूबाईंनी एकेक ऐकून घेतलं आणि कोणाशी वाद घातला नाही.

मग थोरले दीर पुन्हा आले. या वेळी त्यांनी तोडगा आणला होता.

"देव तांदलात ठेवा. घराला कुलूप लागला का तांदलात ठेवतात. अन्नात असला तर देव उपाशी नाय. आमचा आबा सांगायचा."

आमच्या भागात हा रिवाज आहे. लोक चार दिवस गावाला जाताना डब्यात तांदूळ घेतात आणि त्यात देव ठेवतात. वर्षभरासाठी कोणी ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण भावकीच म्हणत होती, तेव्हा हरकत घ्यायला कोणी उरलं नाही. नवऱ्याने लगेच होकार दिला.

"तांदलाला पावसाल्यात कीड लागते, टोके व्हतील," सासूबाई म्हणाल्या. "ठेवायचे तर कणगीत, भातात ठेवू."

प्रश्न मिटला, असं आम्ही धरलं. संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, "मी येत नाय. तुमी जा." कारण विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे दुखतात." त्याच दिवशी त्या डोक्यावरून लाकडाची मोळी घेऊन आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी औषधं वेगवेगळ्या पिशव्यांत भरत होते. त्या शेजारी येऊन बसल्या आणि न विचारता बोलू लागल्या. त्यांचं माहेर उंबरमाळीजवळ. त्यांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या दोनदा भेटायला गेल्या आणि दोन्ही वेळा दिवस मावळायच्या आत परतल्या. सकाळी देवांची पूजा होती. तिसऱ्यांदा निरोप आला तो आई गेल्याचा.

"तवा कुनी बोलला नाय, देव तांदलात ठेव आन जा."

"तुम्हाला रिवाज माहीत नव्हता?"

"माहीत व्हता की. पन घराला कुलूप असला तर. कुलूप कुठं व्हता? मानसा व्हती घरात. सासरा व्हता, दीर व्हता, ह्याचा बापूस व्हता."

बातमीच्या कामात माणूस थांबला की पुढचा प्रश्न तयार ठेवायची सवय लागते. त्या दिवशी मी पिशव्यांची तोंडं बांधत राहिले. मग त्या म्हणाल्या, "आता ऱ्हायले तर कुनासाठी ऱ्हायची?" आणि स्वतःची लुगडी काढायला उठल्या.

निघायच्या सकाळी भावकी जमली. सासूबाईंनी पूजा केली, पण टाक उचलले नाहीत. थोरल्या दिरांना म्हणाल्या, "तू ठेव."

ते पाय धुऊन आले. टाक हातात घेऊन कणगीपुढे उभे राहिले आणि हळूच विचारलं, "काकी, उताने का पालथे?"

"उताने. वरून भात लोट."

त्यांनी भात लोटलं. सासूबाईंनी दाराला कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे दिली.

पहिला मुक्काम नाशिकच्या पुढे ठरला होता, बाजाराच्या आदल्या रात्री. शहापूर मागे पडल्यावर सासूबाईंनी उंबरमाळीच्या फाट्याला जीप वळवायला सांगितली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि वळवली.

त्यांची भावजय हात पुसत दारात आली. "वन्सं, नुसता चा टाकते. तुमाला दिवसाउजेडी परत जायचा आसंल."

"भात टाक," सासूबाई म्हणाल्या. "ऱ्हायाला आलेय."

भावजयीला ते खरं वाटलं नसावं. तिने दारातून पुन्हा विचारलं. सासूबाई तोवर आत गेल्या होत्या, आणि आम्ही जीपमधून अंथरुणं काढत होतो. तो बाजार आमचा चुकला.