वरून आलंय

उजव्या हाताचं बोट आभाळाकडे करायचं, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "वरून आलंय." आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचा कोतवाल म्हणजे हे बोट आणि हे दोन शब्द. तहसीलचा हुकूम असो, नळाला पाणी येणार नसो, की बाजाराची जागा बदललेली असो, तो हलगी वाजवत दवंडी द्यायचा. कुणी "काहून?" म्हणून कारण विचारलं की बोट वर. वर कोण बसलंय ते ना त्याला ठाऊक, ना आम्हाला. तुमच्याही गावात असा एखादा असेल, पण आमच्यासारखा नसेल, हे मी छातीठोक सांगतो.

ग्रामपंचायतीनं मध्यंतरी भोंगा आणला होता. यानं तो हातात धरला नाही. म्हणाला, "भोंग्याला कुणी सवाल करतं का? मला करता येतो." आता सवालाचं उत्तर काय मिळायचं ते वर सांगितलंच आहे. तरी लोकांना ते पटलं.

माझं हॉटेल रस्त्याच्या अलीकडे, त्याचं घर पलीकडे, बराबर समोर. भजी तळता तळता त्याच्या घरातलं सगळं मला दिसायचं. माझं आडनाव परदेशी. आमचे पूर्वज निजामाच्या काळात उत्तरेकडून आले आणि इथलेच होऊन गेले. घरात ज्वारीची भाकरी, तोंडात इथलीच बोली, शिव्यासुद्धा इथल्याच. आडनाव तेवढं राहिलं. त्या आडनावानं काय करावं?

कोरोना नुकता सुरू झाला होता. वरून कागद आला, की परदेशी व्यक्तींनी चौदा दिवस घराबाहेर पडू नये. कोतवालानं तो वाचला आणि हलगी बडवत थेट माझ्या दारात आला.

"शेठ, आत बसा."

"काहून?"

बोट वर. "वरून आलंय. परदेशी लोकायनं भायेर निघायचं न्हाई."

"अरे बाबा, माझा पणजा या गावात जन्मला!"

"मला म्हाईत आहे. पर कागदावर तुमचंच नाव आहे. तकलीफ होईल, माफी करा." असं म्हणून त्यानं माझ्या दाराला लाल कागद खळीनं चिकटवला. माझ्या बायकोला, पोरांना, झोपलेल्या म्हातारीला, सगळ्यांना परदेशी करून टाकलं!

मी आतून त्याचा उद्धार केला. पण संध्याकाळी दाराशी दुधाचा तांब्या आणि मेथीची जुडी ठेवलेली. कोतवाल लांब उभा राहून म्हणाला, "करमत न्हाई ना? थांबा." आणि पाऊण गल्ली ऐकेल अशी हलगी वाजवली. आमची म्हातारी बाजेवर बसून टाळ्या पिटत होती. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकानं त्याला झापलं, की परदेशी म्हणजे परदेशातून आलेला माणूस. तो येऊन कागद खरवडायला लागला तेव्हा माझी बायको म्हणाली, "राहू द्या भाऊ दोन दिवस. आयतं दूध येऊन राहिलंय."

आम्ही हसलो. तो मात्र हसता हसता थांबला. "शेठ," म्हणाला, "म्हंजे माझी पोरगी बी परदेशीच की."

त्याची एकुलती एक लेक मस्कतला दवाखान्यात नर्स. तिला तिथं मुलगा झाला होता. हा नातू त्यानं फोनच्या काचेतच बघितलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवायचा. बघणाऱ्यानं काचेला बोट लावलं तर धोतरानं पुसायचा. एकच ध्यास होता, लेकरू एकदा मांडीवर घ्यायचं. "काचेतल्या लेकराचं वजन कळत न्हाई हो," असं म्हणायचा, आणि रिकामे हात उगाच खालीवर करायचा.

मग सुरू झाली नियमांची वारेमाप गंमत. रोज सकाळी तो माझ्या हॉटेलात येऊन बसायचा. मी मोबाइलवरून नियम वाचून दाखवायचो. विमानं बंद. मग विमानं चालू, पण तपासणीचा रिपोर्ट पाहिजे. पोरीनं रिपोर्ट काढला, तर विमान रद्द. पुढचं विमान मिळालं, तर आधीचा रिपोर्ट चालत नाही.

"काहून?" आयुष्यात पहिल्यांदा तो विचारत होता.

"जुना झाला. ताजा लागतो."

"भाकर आहे का ती शिळी व्हायला?"

मी बोट वर केलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं त्याच्यासमोर चहा ठेवला.

अखेर एकदाचं जमलं. लेक आणि नातू मुंबईला उतरले, तिथून गाडी करून निघाले. रजा थोडकी होती, आणि नियम असा की आल्यावर ठरलेले दिवस घरात वेगळं राहायचं, नंतर तपासणी. म्हणजे निम्मी रजा दाराआडच जाणार. आता खरं सांगतो, आख्ख्या गावाचं लक्ष होतं. दुसऱ्यांची दारं लावणारा स्वतःचं दार लावतो का, म्हणून.

त्यानं आदल्या दिवशीच घर सारवून, धान्य-पाणी भरून, बायकोला घेऊन माझ्या पडवीत बिऱ्हाड मांडलं. गाडी आली. लेक उतरली, खांद्यावर झोपलेलं पोरगं. हा रस्त्याच्या अलीकडे उभा. लेक आत गेल्यावर यानं रस्ता ओलांडला आणि स्वतःच्या दाराला स्वतःच्या हातानं लाल कागद लावला. मला वाटलं, आता रडेल. पण पठ्ठ्या परत आला आणि म्हणाला, "शेठ, आपल्यापेक्षा गोरं आहे!"

दुसऱ्या दिवसापासून जी मजा सुरू झाली, ती मी जन्मभर विसरणार नाही. हा अंगणात, पोरगं खिडकीत. गज धरून नुकतं उभं राहायला शिकलेलं. यानं हलगीवर हळूच टिपरी टेकवली की ते गुडघ्यात वाकून नाचायचं. हा थांबला की तेही थांबायचं, आणि रागानं गज हलवायचं. हिंगोलीला जाणाऱ्या जीपा थांबून बघायच्या. माझी भजी त्या दिवसांत जेवढी खपली तेवढी दिवाळीतही खपत नाहीत.

एका दुपारी पोरानं गजातून दोन्ही हात बाहेर काढले. बोटं उघडमीट करून बोलवायला लागलं. कोतवाल दोन पावलं पुढं गेला, आणि तिथंच थबकला. बायकोला म्हणाला, "अगं, माझे हात बांध. हात ऐकून न्हाई राहिले." ती बिचारी हसावं की रडावं अशी उभी. त्यानं गळ्यात बांधलेली दस्ती तिच्याकडे टाकली आणि हात पाठीमागं केले. तिनं खरंच बांधले हो!

माझ्यानं राहवलं नाही. पलीकडे जाऊन म्हणालो, "कोतवाल, घे ना एकदा. मी तोंड फिरवतो. कोण बघून राहिलंय?"

"शेठ, तुमचं दार मी चुकून लावलं, तरी तुमी आत बसले. आता माझ्या दाराला नियम न्हाई म्हणलं तर उद्या माझी हलगी कोण ऐकंल?"

"पण लेकरू बोलवतंय रे."

हात बांधलेले होते. त्यानं नुसती हनुवटी आभाळाकडे केली. "वरून आलंय," म्हणाला, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा. मी तर सरळ आत जाऊन कढईसमोर उभा राहिलो, म्हणजे धुराचं नाव सांगता येतं.

दिवस सरले, तपासणी नीट आली. त्यानं कागद काढला, नातवाला उचललं, आणि त्या पोट्ट्यानं असं भोकाड पसरलं की विचारू नका. हलगीबिगर आजा ओळखीचा नव्हताच, ओळखीची होती हलगी. कोतवालीण धावत ती घेऊन आली. यानं मांडी घालून एक ठेका धरला. पोरगं रांगत आलं, हलगीवर चापट मारली आणि हक्कानं मांडीत बसलं. कोतवाल वाजवायचं विसरला. मग उठून, त्याला कडेवर घेऊन गावभर दवंडी दिली, "ऐका हो ऐका, परदेशी शेठकडं आज जिलेबी आहे!" मला न विचारता. पण तळली मी, मनापासून तळली.

लेक परत गेल्यावर फोनच्या काचेतून आजा-नातवाचा रोजचा खेळ, पोरानं काहीही विचारलं की याचं बोट वर. आता तो इथं नाही. नोकरीतून मोकळा झाला आणि लेकीनं नवराबायकोला मस्कतला नेलं. हलगी माझ्या हॉटेलात खिळ्याला आहे. हुकूम आता मोबाइलवर येतात, कुणी "काहून" विचारत नाही. सकाळी त्याच्या जागेवर दुसरं गिऱ्हाईक बसलं की मला उगाच राग येतो.

तो पोचला तेव्हा तिथंही नियम होतेच. त्याचा व्हिडिओ कॉल आला. लेकीच्याच घरात बायकोसकट एका खोलीत बसवलेला, मनगटाला बाहेर पडला तर कळणारा पट्टा.

"शेठ, मला आत टाकलं!" खुशीत ओरडला. "आता परदेशी कोण?"

"लेकरू कुठंय?"

त्यानं फोन काचेच्या दाराकडे वळवला. पलीकडे नातू उभा होता, आता चांगला चालता-बोलता झालेला. डब्यावर चमच्यानं ठेका धरून आज्याला नाचवायला बघत होता. आजा नाचला. मग बाहेर येतो म्हणून काचेला हात लावून आज्यानंच विचारलं, "बाळा, मला भायेर काहून येऊ देत न्हाई रे?"

पोरानं चमचा खाली ठेवला. डोळे बारीक केले. उजव्या हाताचं इवलंसं बोट छताकडे केलं आणि म्हणालं, "आबा, वलून आलंय."