गेटवरचा लाल शेरा

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मूळच्या सुरगाण्याकडच्या. द्राक्षांच्या हंगामात मजुरीला आल्या आणि नाशिकातच राहिल्या. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत त्या चार-पाच घरं करायच्या. माझी आई पाय मोडून पडली तेव्हा पोळ्या झाल्यावर तिला आंघोळही घालायच्या. ते काम मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, मला आत सोडत नायत. खाली येता का?"

वॉचमनने मोबाइल माझ्यासमोर धरला. गेटच्या ॲपमध्ये मावशींच्या फोटोवर लाल शेरा होता : चोरीचा संशय, प्रवेश बंद. मुलांना स्कूलबसमध्ये बसवायला आलेल्या बायका वाकून तो वाचत होत्या आणि मावशी भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"हे कोणी टाकलं?" मी विचारलं.

"माहीत नाही मॅडम. ॲप दाखवतंय."

"माझ्या घरी येतायत त्या. मी सांगतेय ना, सोडा."

"नाही सोडता येत. माझी नोकरी जाईल."

त्याचंही खरं होतं. मी अध्यक्षांचं दार वाजवलं. ते म्हणाले, "कुणीतरी तक्रार टाकली असेल. नाव दिसत नाही, प्रायव्हसी असते."

"आणि मावशींचा फोटो दिसतो तो?"

"अहो, मी काय करणार? सिस्टिम आहे. कंपनीला कळवा."

कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की निर्णय सोसायटीचा असतो, आम्ही फक्त सुविधा पुरवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाईला भर गेटवर चोर ठरवलं होतं आणि ठरवणारं कोणीच नव्हतं.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. अंगठे आले, जोडलेले हात आले. ज्यांच्या घरी मावशी वर्षानुवर्षं भांडी घासत होत्या, त्यांचेही आले. खाली कोणी आलं नाही. मग मी एकेक दार वाजवत गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अच्छा, ते होय? आमच्या जुन्या बाईला बंद करायचं होतं. दोघींचं आडनाव एकच ना. चुकून दाबलं गेलं."

"दाबलं गेलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही दाबलंत."

"बरं, काढतो की. त्यात काय एवढं." त्यांनी उभ्या उभ्या अंगठा फिरवला. "झालं बघा."

"खाली चला. त्यांना तोंडाने सांगा."

"ग्रुपवर सॉरी टाकतो ना."

"त्या तुमच्या ग्रुपवर नाहीत."

"मला मीटिंग आहे," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

मी एकटीच खाली गेले आणि मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तो माणूस कुठं हाय?"

"वर आहेत. मीटिंग आहे म्हणतात," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या, ताई. आईंना सांगा, जपून चाला म्हणावं." वॉचमनने दार उघडून धरलं होतं. त्या आत आल्या नाहीत, रस्ता ओलांडून निघून गेल्या.

आता त्या मखमलाबादकडे एका खानावळीत भाकऱ्या भाजतात. आमच्याकडे दुसऱ्या बाई येतात, रोज ॲपमधून हिरव्या होऊन.

ते गृहस्थ परवा लिफ्टमध्ये भेटले. हसून म्हणाले, "तुम्ही फारच मनाला लावून घेतलंत." मी पुढच्याच मजल्यावर उतरले आणि उरलेले जिने चढून घरी गेले.