घडीच्या होडीची पिवळी क्लिप

मंडळी, मी मलकापुरात घडीच्या होड्या बनवतो. बॅगेत मावणारी कयाक. आज सकाळी अमडापूरच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून एक नेली होती.

"काल धरणात मधोमध गेलो अन् सांगाड्याची क्लिप तुटली. होडी मुडपली. लाइफ जॅकेट होतं म्हणून काठाले लागलो."

जुन्या मालातल्या काळ्या क्लिपा घेऊन तसाच मोटरसायकलवर निघालो. शिव्या खायची तयारी होती.

गुरुजींनी आधी चहा दिला, मग तुटलेली क्लिप हातात ठेवली. प्लास्टिक ठिसूळ होतं. नव्या मालातल्या सगळ्याच पिवळ्या क्लिपा अशा असणार, हे तिथेच कळलं.

"चूक माझी आहे गुरुजी. आत्ता बदलून देतो."

"माही होईन दुरुस्त. बाकीच्याईले सांगतलं का?"

मी क्लिप बसवायला वाकलो. खरं सांगतो, नाव खराब होईल अशी भीती वाटली.

"अन् बाबू, एखाद्याले पोहता येत नसंन तं?"

घरी आल्याबरोबर यादी काढून सगळ्यांना फोन केले. कोणी चिडलं, कोणी आभार मानले. फक्त शेगावच्या एका ताईंचा फोन लागत नाहीये. त्यांनी मुलांसाठी होडी घेतली होती, आणि उद्या रविवार आहे.

पिवळ्या क्लिपची होडी कुणाकडे दिसली तर कृपया ती पाण्यात उतरवू देऊ नका. मी स्वतः येऊन बदलून देईन. शेगावकरांनो, त्या ताईंपर्यंत एवढा निरोप पोचवाल का?